दार बसेना

“अगो, रात्री तुमच्या पडवीत काय चाललं होतं? एक वाजून गेला तरी ट्यूब जळतेय आणि तुझा नवरा जमिनीला गाल लावून पडलाय. मला वाटलं, झालं काहीतरी.”

काकी गडग्यापलीकडून विचारत होत्या. आमच्या दोन आगरांमधला हा गडगा जांभ्या दगडाचा, कमरेएवढा. कोपर टेकवावं आणि बोलावं. ओरडावं लागत नाही, त्यामुळे बातमी तिसऱ्या घरी पोचायला थोडा वेळ लागतो, इतकंच.

“काही झालं नाही हो काकी. ते दारावरचा उजेड बघत होते.”

“कुठल्या दारावरचा?”

“गाडीच्या.”

“म्हणजे ते दार अजून बसलं नाही? गणपतीत तर इंजिन चालू झालेलं. केवढा गलका केला होतात!”

गलका झाला होता हे खरं. जुन्या मारुती आठशेचं तीन सिलिंडरचं इंजिन चौकोनी पायपांच्या सांगाड्यात बसवलं होतं. ह्यांनी चावी फिरवली, ते पहिल्या झटक्यात धडधडलं आणि आळीतली पोरं नाचायला लागली. सगळ्यांच्या लेखी गाडी झाली. पण इंजिनाचं एक बरं असतं. पेट्रोल, हवा आणि ठिणगी वेळेवर मिळाली की ते चालतं, नाही मिळाली की चालत नाही. मधलं काही नाही. दार लागतं, कडी पडते, तरीही ते बसलेलं नसतं. वर बोटभर फट, खाली नख जाईल एवढी. अशी गाडी कितीही पळाली तरी लोक म्हणणार, ‘घरी केलेली दिसते.’ आणि ह्यांना नेमकं तेच कुणी म्हणायला नको होतं.

“पण हे खूळ आलं कुठून? तुझा नवरा पंप दुरुस्त करायचा, होड्यांची मशिनं खोलायचा. बोर्लीला दुकान बरं चाललेलं.”

“अलिबागहून आलं, काकी.”

हे मी गंमत म्हणून नाही सांगितलं. अलिबागेजवळ कार्लेखिंडीत ‘चिंकारा मोटर्स’ म्हणून गाड्या करणारे आहेत. गुइडो बोथे नावाचा जर्मन माणूस आणि त्याची बायको शमा, दोघांनी मिळून काढलेलं. त्यांची ‘रोडस्टर’ नावाची गाडी दोन माणसांची, बिनछपराची, लांबलचक बॉनेटची. आत इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन, आपल्याकडे काँटेसा गाडीत यायचं त्या जातीचं. आणि अंग सगळं फायबरचं. लग्नाआधी हे अलिबागला कामाला होते, तेव्हा रस्त्यावर त्यांनी ती बघितली. त्या दिवशी त्यांनी काय बघितलं, तर एवढंच, की फायबरची गाडी होऊ शकते. आणि फायबर तर आपल्या जेट्टीवर रोज ओतलं जातं! आधी सागाच्या फळ्यांच्या होड्या असायच्या, आता बहुतेक फायबरच्या. मग होडी होते तर गाडी का होऊ नये, असा हा हिशेब.

“होडीला दार असतं का गो?” काकींनी विचारलं.

इथेच सगळी मेख होती. काकींनी ती एका दमात सांगितली. आमच्या घरात ती कळायला दिवाळी उजाडली.

होडीचं एकच कवच असतं. ते कुठे अर्धा सूत इकडे-तिकडे असलं तर मासा तक्रार करत नाही. गाडीचं अंग मात्र तुकड्यांचं. मागचा भाग, दोन दारं, दोन मडगार्ड, पुढचं नाक आणि त्यावर बॉनेट. प्रत्येक तुकड्याला शेजारी आहे. शेजाऱ्याशी किती अंतर ठेवायचं हे ठरलेलं आहे, आणि ते अंतर सगळीकडे सारखं पाहिजे.

“सारखं म्हणजे किती?”

“चार मिलिमीटर.”

“त्या तुमच्या न्हाणीघराच्या फरशांचे प्लास्टिकचे क्रॉस नेले होते, ते…”

“तेच. चार मिलिमीटरचे. दार आणि मागचा भाग यांच्यामध्ये जागोजागी खोचून ठेवलेत. फरशीवाल्याचे उरले होते, कामाला आले.”

यावर काकींनी ‘बरं’ म्हटलं. पण त्यांच्या मनातलं पहिलं कोडं अजून सुटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. रात्री एक वाजता गाल जमिनीला का?

त्याचं असं. पत्रा असो की फायबर, वरून बघितलं तर सपाट वाटतं. हात फिरवला तर थोडं कळतं, पण हातालाही सवय लागते आणि मग तोही फसवतो. लांब ट्यूब अंगाच्या बाजूने आडवी धरायची, फायबरवर पाणी मारून ते ओलं करायचं आणि डोळा खाली नेऊन बघायचं. ट्यूबची उजेडाची रेघ मागच्या भागावरून दारावर, दारावरून मडगार्डवर सरळ गेली पाहिजे. जिथे ती लचकते तिथे उंचवटा नाही तर खोलगा. फटीजवळ ती तुटून वर-खाली झाली तर एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बाहेर आलाय. दिवसा हे दिसत नाही, कारण पडवीत चारी बाजूंनी उजेड येतो. म्हणून रात्र. आणि ह्यांच्या बाबतीत म्हणाल तर दुकान बंद करून, जेवून, बातम्या बघून मग काम सुरू होतं, हेही आहेच.

“तुझे मामंजी असते तर त्यांनी चटकन बसवलं असतं,” काकी म्हणाल्या.

मामंजींचं नाव निघालं की आमच्याकडे विषय गंभीर होतो. ते मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात होते. 1947 पासून त्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जायच्या, पुढे फियाट आली, मग पद्मिनी. मामंजी आले तेव्हा फियाटचे दिवस होते. दारं बसवणाऱ्या टोळीत होते ते. गावी आले की ह्यांना आणि भाऊजींना समोर बसवून दार कसं बसवतात ते सांगायचे. मूळ पाठ एकच: मागून पुढे यायचं. मागचा भाग सांगाड्याला पक्का, तो हलणार नाही. त्याच्याशी दार जुळवायचं. दाराशी मडगार्ड. आणि या सगळ्यांना जे चिकटतं ते बॉनेट सगळ्यात शेवटी. उलटं केलं, म्हणजे बॉनेट आधी छान बसवून ठेवलं, की चुकीचा हिशेब सरकत सरकत मागे येतो आणि शेवटच्या फटीत सगळा गोळा होतो.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. दार थोडं बाहेर आलं असेल तर खाली लाकडाचा ठोकळा ठेवून वरून छातीच्या भाराने दाबायचं. पत्रा वाकतो, बिजागरी वाकते, दार जागेवर येतं. एक दाब, काम फत्ते.

ह्यांनी फायबरच्या दाराला तसा दाब दिला.

“आणि?”

“‘टक’ असा आवाज आला.”

जेट्टीकडचे चाचा धावत आले. म्हणजे ते आधीच येणार होते, चहाला. पण आवाजानंतर जरा लवकर आले. होड्यांचं फायबरकाम करण्यात चाचांचे केस पिकले. दाराच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी चीर गेली होती. त्यावरून बोट फिरवून ते म्हणाले, “मिस्त्री, लोखंड समजावता येतं. फायबर समजत नाही. ते मोडतं नाही तर परत जातं.” दाबलं की ते लवतं आणि सोडलं की होतं तिथे येतं. फार दाबलं की फुटतं. लोखंडासारखं मधल्या जागी थांबत नाही. त्यामुळे फायबरचं अंग वाकवून बसवता येत नाही. वाढवून नाही तर घासून बसवावं लागतं.

इथून आमच्या घरात दोन शाळा सुरू झाल्या. ह्यांचं म्हणणं, बाबांनी शिकवलं ते खोटं कसं असेल. चाचांचं म्हणणं, खोटं नाही, पण ते दुसऱ्या मालाचं आहे. मी दार धरून उभी. दोन्ही बाजू ऐकायला दार धरणाऱ्यालाच वेळ असतो.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. क्रम मामंजींचा, हात चाचांचा. मागून पुढे यायचं हे लोखंडालाही लागू आणि फायबरलाही. पण जुळवायचं कसं, ते चाचांकडून शिकायचं. त्यांनी एक युक्ती दाखवली ती मला फार आवडली. मागच्या भागाच्या कडेला खाकी चिकटपट्टी लावली. दार बंद केलं. मधल्या वाकड्यातिकड्या फटीत रेझिन आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटचे बारीक तुकडे कालवून भरले, अगदी गच्च, फटच उरली नाही. घट्ट झाल्यावर करवतीचं पातं घेतलं आणि मधून सरळ रेघेत कापत गेले. पट्टीमुळे मागच्या भागाला काही चिकटलं नव्हतं, जे भरलं ते दाराच्या कडेचं झालं. मग कानशीने घासून चार मिलिमीटर. म्हणजे फट आधी बुजवायची आणि मग हवी तेवढी काढायची.

“आम्ही परकराला पट्टी जोडून मग घडी घालतो, तसं,” काकी म्हणाल्या. त्या चाळीस वर्षं शिवणकाम करतात. त्यांना पटकन समजलं.

“पण फट बरोबर झाली तर मग अडलं कुठे?”

अडलं पडवीत.

तुम्हाला आमची पडवी माहीत आहे. पाऊस आत येतो म्हणून बांधतानाच बाहेरच्या बाजूला उतार दिलाय. इथे सगळ्यांच्याच पडव्यांना तसा असतो. त्या उतारावर गाडी चार ठोकळ्यांवर उभी. एक ठोकळा जरा बुटका. बंद छपराच्या गाडीला एवढ्याने काही होत नाही, कारण वरचं छप्पर सगळं धरून ठेवतं. बिनछपराची गाडी म्हणजे खालचा सांगाडाच काय तो. तो उभ्या-आडव्याला मजबूत असला तरी पिळाला कच्चा. एक कोपरा खाली गेला की सगळा सांगाडा किंचित पीळ खातो आणि तो पीळ फटीत उतरतो. इकडच्या दाराला वर फट वाढते, तिकडच्या दाराला खाली.

ह्यांनी कर्ण मोजले होते. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. दोन्ही सारखे आले म्हणून ते खूश. कर्ण सारखे म्हणजे चौकट काटकोनात आहे, हे बरोबर. पण चौकट काटकोनात असूनही पिळलेली असू शकते. पीळ टेपने पकडायचा म्हटलं तरी तो एवढासा फरक टेपच्या रेघांत हरवतो. तो पकडायला गवंड्याची पाण्याची नळी लागली. गवंडीबुवा कुणाच्या तरी पायऱ्या बांधत होते, त्यांच्याकडून आणली. चारी कोपऱ्यांना नळी धरली, पाण्याची पातळी बघितली, तेव्हा उजवा मागचा कोपरा बसलेला दिसला. ठोकळ्याखाली कौलाचा तुकडा सरकवला. आणि काय सांगू, कुणी दाराला हात न लावता दाराची फट सरळ झाली.

“बघ! आणि तो बिचारा दारच घासत बसला होता.”

“त्या घासण्याचं पुढे भरून काढायला लागलं, ते वेगळं.”

यानंतर काकी जरा थांबल्या. मग अचानक म्हणाल्या, “म्हणजे परवा भाताचे दोन कट्टे नेलेस ते…”

मला वाटलंच होतं, हे कधीतरी निघणार.

गाडी ठोकळ्यावर असताना दार जुळवायचं नसतं. ती आपल्या चाकांवर उभी पाहिजे, हवा भरलेली, इंजिन आत, बॅटरी आत, टाकीत पेट्रोल, आणि माणसं बसलेली. कारण ती तशीच वापरली जाणार. आमच्याकडे माणसं कोण बसणार? मी दार धरते, हे मोजतात, चाचा ओरडतात. म्हणून तुमचे कट्टे. एकेक कट्टा पन्नास किलोचा, वर प्रत्येकावर पाण्याची एक कळशी ठेवली की माणूस झाला.

“पाणी सांडलं नाही ना भातावर?”

“नाही हो. झाकण लावलेली कळशी होती.”

कट्टे ठेवले आणि ह्यांचं तोंड पडलं. दाराची फट वर आवळली, खाली उघडली. वजनाने सांगाडा मध्यभागी किंचित लवला होता, दारासाठी जिथे मोकळी जागा सोडली आहे नेमका तिथे. ही गोष्ट दाराने सांगितली, नाहीतर कळलीच नसती. वेल्डिंग बघून कळत नाही, इंजिन लावून कळत नाही. रस्त्यावर खड्ड्यात गेल्यावर एखाद्या दिवशी कळलं असतं, आणि तेव्हा ते दारापुरतं राहिलं नसतं. ह्यांनी दारं उतरवली, अंग उतरवलं आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पायपाला तिरक्या पायपा जोडून त्रिकोण केले. पुन्हा अंग चढवलं, पुन्हा कट्टे ठेवले. फट हलली नाही. त्या दिवशी मी शिरा केला.

मला खरं तर हेच सांगायचं असतं कुणाला तरी, पण ऐकतंय कोण. लोकांना वाटतं ही फटींची हौस दिखाऊ आहे, रंगारंगोटीतली. मला नाही वाटत. फट चुकली की गाडी आतून काहीतरी सांगत असते, आणि बहुतेक वेळा ते दाराबद्दल नसतं.

“आणि माझा पत्त्यांचा कॅट?” काकींनी विचारलं. “श्रावणात नेलास, जागरणाला. एकवीस पत्ते कमी आलेत परत. राजा गेला, राण्या गेल्या.”

राजा कुठे गेला ते मला माहीत होतं. तो डाव्या दाराच्या खालच्या बिजागरीमागे होता.

हे जरा हळू समजून घ्यायचं. दार गाडीच्या खांबाला दोन बिजागऱ्यांनी लटकतं. दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर पंचवीस सेंटिमीटर. दाराची लांबी पंचाहत्तर. म्हणजे तिप्पट. खालच्या बिजागरीमागे एक मिलिमीटरची चकती सरकवली की दार खालून मागे ढकललं जातं, आणि त्याचं दूरचं टोक तीन मिलिमीटर वर उचललं जातं. बाजारात मिळणारा साधा वायसर मिलिमीटरभर जाड. तो घातला की टोक एकदम तीन मिलिमीटर वर. नको तितकं. एक पत्ता साधारण पाव ते तीन दशांश मिलिमीटर. तो घातला की टोक जेमतेम मिलिमीटरभर हलतं. म्हणून पत्ते. दोन घाला, एक काढा, राणी पुरेशी आहे, राजा जास्त होतो असं चाललेलं. दोघे भाऊ रात्री पडवीत ‘अजून एक टाक’ म्हणत होते, तेव्हा पलीकडच्या शेजाऱ्यांना वाटलं रमी चाललीय. ते पैसे घेऊन आले होते!

“मग आता पत्तेच ठेवणार की काय त्यात?”

“छे. खाऱ्या हवेत पत्ता एक पावसाळा टिकायचा नाही. किती पत्ते लागले ते मोजलं आणि तेवढ्या जाडीच्या स्टीलच्या पातळ चकत्या कापून घेतल्या.”

स्टील म्हणजे एस. एस., गंज न चढणारं. आधी ह्यांनी ॲल्युमिनियमच्या कापल्या होत्या, कापायला सोप्या म्हणून. चाचांनी त्या खाडीकडे भिरकावल्या. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की ॲल्युमिनियम झिजत जातं. पांढरी भुकटी होते. आगरदांड्याला जाणाऱ्या जंगलजेट्टीवरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या बघा, नंबरप्लेटच्या स्क्रूभोवती ती भुकटी दिसते. बोटीवर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

फायबरला स्क्रू आवळायचा म्हणजे खाली मोठा, रुंद वायसर पाहिजे, आणि भोक स्क्रूपेक्षा मोठं. भोक घट्ट असलं तर उन्हात फायबर पसरतं आणि भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात. एकही स्क्रू सगळे लागल्याशिवाय शेवटपर्यंत आवळायचा नाही. सगळे अर्धे लावायचे, गाडी हलवून बघायची, मग पाळीपाळीने.

आणि रबर. हे मी न सांगता राहिले तर मला झोप लागणार नाही. दार सगळं जुळलं, रेघ सरळ, ट्यूब लावून बघितली, चाचांनी मान हलवली. मग ह्यांनी दाराच्या आतल्या कडेला रबराची बीडिंग लावली, पाऊस आत येऊ नये म्हणून. दार बंद केलं. ते कडीवर आलं आणि तीन मिलिमीटर बाहेर उभं राहिलं. रबराची जाडी कुणी धरलीच नव्हती. काकी, मी काही बोलले नाही. मी आत जाऊन भात लावला.

“बायकोने न बोलणं म्हणजे बोलणंच ते.”

“हो. त्यांना ऐकू आलं.”

आता रबर लावूनच दार जुळवतात. त्यात आणखी एक खाच चाचांनी सांगितली: वारा समोरून येतो, म्हणून पुढचा तुकडा नखभर बाहेर आणि मागचा नखभर आत ठेवायचा. मडगार्डच्या मागे दार, दाराच्या मागे मागचा भाग. उलटं झालं तर वाऱ्याच्या तोंडात दाराची कड येते, आणि गाडी शिट्टी वाजवत जाते.

काकींनी मध्येच विचारलं, “पण एवढं करून रस्त्यावर नेता येणार का? पासिंग होणार का पेणच्या आर. टी. ओ. त?”

हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. हे तर नाहीच. घरी केलेल्या गाडीला नंबर सहजासहजी मिळत नाही. नवी गाडी आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, ब्रेक, दिवे, धूर सगळं. कारखान्याला परवडतं ते. पडवीला नाही. आणि जुनी नंबराची गाडी घेऊन तिचंच रूप बदलू म्हणावं, तर मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 आडवं येतं. म्हणून ही गाडी आगरात फिरणार. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमच्या सुपारीच्या दोन रांगा आडव्या केल्या, नारळ मोडले, त्या जागेत अजून नवी रोपं मोठी झालेली नाहीत. तिथे गोल रस्ता केलाय. तेवढ्यात ती फिरेल.

“म्हणजे तुमच्या विहिरीला प्रदक्षिणा घालायला ही गाडी?”

“तेवढंच समजा.”

“त्या सांगलीकडच्या माणसाला बोलेरो मिळाली की,” काकी म्हणाल्या. टीव्हीवर बघितलं होतं त्यांनी.

मिळाली, खरं आहे. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाण जन्मले ते देवराष्ट्रे. भंगारातले भाग जमवून, साठेक हजार खर्चून त्यांनी मुलासाठी छोटी जीप केली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिची तारीफ केली, पण ती नियमात बसत नाही, कधी ना कधी रस्त्यावर अडवतील, हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती दिलीही.

“मग तुझ्या नवऱ्याने पण व्हिडिओ टाकावा.”

“त्यांना गाडी द्यायची नाहीये, काकी. बोलेरोला दारं आयतीच बसलेली असतात.”

माझं माहेर इचलकरंजीकडचं. तिथे शंकरराव कुलकर्णी होते, त्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार केली होती. इंजिन मागे, सामान्य माणसाला परवडावी असा विचार. 1949 च्या सुमारापासून ते थेट सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने केले. कारखान्यात काही ती कधी गेली नाही. माझे आजोबा तिच्याबद्दल बोलायचे ते मला आठवतं, आणि ते नेहमी इंजिनाबद्दल बोलायचे. दारं कशी बसली होती हे कुणी सांगितलं नाही. आता मला ते विचारावंसं वाटतं, पण विचारायला कुणी उरलं नाही.

इंग्लंडात म्हणे लोक दुकानातून खोक्यातली गाडी आणून घरी जोडायचे. हे मला ह्यांनी सांगितलं, खरं आहे ते. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन याने ‘लोटस सेव्हन’ काढली, अलिबागची गाडी दिसायला जिच्या वळणावर आहे ती. पूर्ण गाडी घेतली तर त्यावर मोठा कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मग लोक भाग घेऊन जोडायचे. अट अशी होती म्हणतात, की जोडायची पद्धत लिहून द्यायची नाही, दिली तर ती तयार गाडी धरली जाईल. तर कंपनीने गाडी सुटी कशी करायची याची माहिती दिली. घेणाऱ्याने ती खालून वर वाचायची.

काकी एवढ्या हसल्या की त्यांच्या सुपातली कोलंबी सांडायची राहिली. “इतकं डोकं! आणि ते लोक आपल्याला शिकवायला आले होते!”

“तिकडे 1973 ला कर बदलला, मग ती गंमत संपली. त्याच साली लोटसने ती गाडी केटरहॅम म्हणून कंपनीला दिली. ते अजून करतात.”

“आता रंग कुठला देणार? लाल दे हो. लाल गाडी छान दिसते, लग्नात नवरदेव बसवता येतो.”

रंगावरून आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही. भाऊजींना काळा हवा. चाचा म्हणतात काळ्यात प्रत्येक खड्डा दिसणार, आणि उन्हात काळं फायबर इतकं तापतं की आतल्या मॅटचे धागे वर उमटायला लागतात. ह्यांना मनातून गडद निळा हवाय, पण निळ्यावर उंचवटे-खोलगे अजून उठून दिसतील याची भीती वाटते. पांढऱ्यात सगळं झाकतं. लांबी भरलेली जागा, कानशीचा ओरखडा, काहीही. मी पांढऱ्याच्या बाजूने आहे. मला आता ट्यूब मालवून झोपायचंय.

“काळा नको,” काकी म्हणाल्या. “लग्नात नवरदेव काळ्या गाडीत? छे.”

मग जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. गडग्यावर बोट फिरवत होत्या. मला वाटलं, आता भाताचे कट्टे परत मागणार.

“ऐक. तुझा नवरा एवढा शहाणा झालाय दारांत, तर आमच्या फाटकाचं बघायला सांग त्याला. जूनमध्ये ते घट्ट बसतं, लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. गेल्या वर्षी काकांनी रंध्याने साफ केलं कडेला. आणि आता थंडीत बघ, हातभर फट. कुत्रं आत येतं.”

“लाकडाचं आहे ना?”

“फणसाचं.”

“मग काका रंधा मारत होते ते पावसाळ्यात?”

“पावसाळ्यातच! उघडत नव्हतं म्हणून तर.”

“पावसात लाकूड फुगतं काकी. तेव्हा नाही घासायचं. आता त्या कडेला पट्टी जोडायला लागेल, आणि पुढच्या पावसाला थोडी जागा सोडून.”

“तुला बरं माहीत सगळं.”

“दार धरून उभी असते ना मी.”

“पट्टी लावून द्या मग. तोवर कट्टे राहू देत तुमच्याकडे. पण पत्ते आणून दे. येत्या शनिवारी भजनीमंडळ येणार आहे, आणि राण्यांशिवाय बायका खेळत नाहीत.”